नेत्याची डायरी वाचताना तारखेवर बोट ठेवा

"नेता स्वतःबद्दल वाईट कशाला लिहील भावा? मग त्याची डायरी वाचून उपयोग काय?" आमच्या वाचनगटात सत्तेवरच्या माणसाची रोजनिशी चर्चेला आली की हा प्रश्न ठरलेला. शंका रास्त आहे. कोल्हापुरात लहानपणापासून निवडणुका, साखर कारखान्यांची आणि दूध संघाची राजकारणं, तालमी-तालमींतले गट बघत वाढलेल्या माणसानं छापील शब्दावर लगेच विश्वास ठेवावा, असं मी म्हणणार नाही. तरीही मंत्री, पंतप्रधान, राजे, व्हाइसरॉय यांच्या डायऱ्या आपल्यासारख्या साध्या वाचकांनी वाचायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या कादंबरीसारख्या किंवा चरित्रासारख्या वाचायच्या नाहीत.

एखादी गोष्ट नेमकी कशी घडली, याचा पुरावा म्हणून डायरी कच्ची असते. पण अमुक दिवशी त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं आणि कशाची धास्ती होती, हे तिच्याइतकं नेमकं दुसरं कुठलंच कागदपत्र सांगत नाही. पुढचं सगळं विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

गुळाच्या अडतीवर ज्यांनी हिशेब लिहिलेत, त्यांना कीर्द आणि खतावणीतला फरक सांगावा लागत नाही. कीर्दीत त्या दिवशीचा व्यवहार त्याच दिवशी, जसा आला तसा चढतो. खतावणीत तेच आकडे मागाहून ज्याच्या त्याच्या खात्याला लावून नीट मांडले जातात. नेत्याचं आत्मचरित्र म्हणजे खतावणी. ते लिहिताना कोण जिंकलं, कोण फुटलं, कोणता निर्णय अंगाशी आला हे लेखकाला ठाऊक असतं, आणि नकळत तो सगळ्या घटना त्या शेवटाकडे वळवून घेतो. डायरी ही कीर्द. उद्या काय होणार, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. तिची खरी किंमत या न माहीत असण्यात आहे.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक नोंद जवळून पाहू.

यशवंतराव चव्हाण आपल्याच भागातले. जन्म देवराष्ट्र्याचा, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. चीनच्या युद्धातल्या पराभवानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं गेलं. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते त्याच पदावर होते आणि त्या दिवसांत ते डायरी लिहीत होते. त्यांचे त्या वेळचे खासगी सचिव राम प्रधान यांनी या नोंदी आपल्या विवेचनासह २००७ मध्ये इंग्रजी पुस्तकातून प्रसिद्ध केल्या. चव्हाण १९८४ मध्येच गेले होते.

यातली ९ सप्टेंबर १९६५ ची नोंद घ्या. सगळ्याच आघाड्यांवर दिवस फार कठीण गेला, शत्रूनं जोरदार प्रतिहल्ले केले, कसूर भागात आपल्याला मागं यावं लागतंय, अशा अर्थाचं चव्हाण लिहितात. पुढं आणखी एक गोष्ट येते. लष्करप्रमुख काहीसे डळमळीत वाटले, म्हणून त्यांनी आघाडीवर जावं, म्हणजे प्रत्यक्ष परिस्थिती कळेल, असं चव्हाणांनी त्यांना सुचवलं. लष्करप्रमुख म्हणजे जनरल जयंतनाथ चौधरी.

आता तारखेवर बोट ठेवा. ९ सप्टेंबर. कसूर पाकिस्तानात; त्याच्या समोर, सीमेच्या अलीकडे आपल्या पंजाबात खेमकरण आणि असल उत्तर. दुसऱ्याच दिवशी, १० तारखेला, असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचा धुव्वा उडाला. अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते याच लढाईत. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला हा विजय आधी कळतो, त्यामुळे त्याच्या आधीची रात्र आपल्या डोक्यात मुळी नसतेच. चव्हाणांच्या नोंदीत फक्त ती रात्र आहे. पंजाब हातचा जातोय की काय अशा परिस्थितीत एक मंत्री कागदावर चार ओळी लिहितो आणि सकाळी काय बातमी येईल हे त्याला माहीत नाही. तीच हकिकत त्यांनी बऱ्याच वर्षांनी आत्मचरित्रात लिहिली असती, तर १० तारखेच्या विजयाचा उजेड ९ तारखेवर पडल्याशिवाय राहिला नसता.

पण याच नोंदीवर आणखी किती भार टाकायचा, हेही कळायला हवं. चौधरींच्या हाताखालचे, पश्चिम विभागाच्या सैन्याचे सेनापती लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांनी पुढं लिहिलं की त्याच सुमारास चौधरींनी सैन्य बियास नदीच्या मागं घ्यायला सांगितलं होतं आणि आपण त्याला नकार दिला. या दाव्यावर आजही वाद आहे. काही जण चव्हाणांचं ते "डळमळीत" असल्याचं निरीक्षण उचलतात आणि म्हणतात, बघा, सिद्ध झालं. तसं सिद्ध होत नाही. दिल्लीतल्या एका खोलीत एका माणसाला दुसरा माणूस कसा वाटला, एवढंच त्या ओळी सांगतात. बियासचा आदेश निघाला होता की नाही, याचं उत्तर लष्करी संदेशांत आणि युद्धाच्या अधिकृत कागदांत शोधायचं. चांगला वाचक डायरीकडून तिच्या कुवतीपेक्षा जास्त मागत नाही.

इथं कागदांच्या जातींबद्दल दोन शब्द. मंत्र्याच्या कार्यालयात भेटीगाठींची जी डायरी असते, ती कोण किती वाजता आलं एवढंच सांगते. बैठकीचं इतिवृत्त ठराव सांगतं. कुणाचा आवाज चढला, कोण गप्प बसलं, हे त्यात बहुधा येत नाही. राजर्षी शाहूंनी मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तो हुकूम २६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटमध्ये आहे. निर्णय काय, कधीपासून, कुणासाठी, हे सगळं त्यात लख्ख आहे. पण त्याआधी महाराजांनी कुणाशी काय चर्चा केली, कुणी विरोध केला, कोणती वाक्यरचना बदलली, हे गॅझेट सांगणार नाही, कारण ते त्याचं कामच नव्हे. तो भाग पत्रांत आणि खासगी टिपणांत सापडतो. डायरी या दुसऱ्या घराण्यातली. गॅझेटची कसोटी तिला लावू नये आणि तिची कसोटी गॅझेटला लावू नये.

आता पुढचा प्रश्न: लिहिलं कधी आणि कसं?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन आठ वर्षांच्या कारकिर्दीत रोज स्वतःच्या हातानं लिहीत. पण ३० मार्च १९८१ ला त्यांच्यावर गोळीबार झाला, त्या दिवसाची नोंद अर्थातच त्या दिवशीची नाही. इस्पितळातून परतल्यावर ती लिहिली गेली. तारीख मार्चची आणि लिखाण एप्रिलचं. रिचर्ड क्रॉसमन हे १९६४ ते १९७० या काळात ब्रिटनच्या मंत्रिमंडळात होते. ते आठवड्याच्या शेवटी निवांत बसून सगळा आठवडा टेपरेकॉर्डरवर सांगत. म्हणजे सोमवारची बैठक शनिवारच्या तोंडून. मधल्या पाच दिवसांत सोमवारचा अर्थ बदललेला असू शकतो. रेगन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दिवसातून अनेकदा टेपवर बोलत आणि त्यांची सचिव ते टंकलिखित करी. पाच हजारांहून जास्त पानं झाली. २०१० मध्ये पुस्तक निघालं तेव्हा त्यातला जेमतेम पाव भाग छापला गेला, आणि शिवाय त्यांनी मधेमधे आजच्या टिपा घातल्या. कार्टर यांनी टिपा वेगळ्या दिसतील अशी काळजी घेतली, हे चांगलं केलं. वाचताना मात्र डोळ्यांची सवय अशी की तीस वर्षांनंतरची टीप आणि त्या रात्रीची नोंद एकाच दमात वाचली जाते. पेन्सिल घेऊन टिपांना कडेला रेघ मारत गेलं की फरक टिकून राहतो.

रेगन यांच्याच डायरीवरून आणखी एक गोष्ट कळते. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा पहिल्या शस्त्रखेपेला आपण आधी मंजुरी दिली होती की नाही, याबद्दल राष्ट्राध्यक्षांचं सांगणं बदलत गेलं: आधी हो, मग नाही, शेवटी आठवत नाही. पण नंतरच्या विक्रीबद्दल १७ जानेवारी १९८६ च्या त्यांच्या नोंदीत, इराणला रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं विकायला मी मान्यता दिली, असं सरळ लिहिलेलं आहे. आमच्या गटातल्या त्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे. माणूस स्वतःच्या विरोधात जाईल असं मुद्दाम लिहीत नाही, पण ज्या दिवशी एखादी गोष्ट त्याला चूक वाटतच नसते, त्या दिवशी तो ती बिनधास्त लिहून मोकळा होतो. डायरीतला सगळ्यात खरा मजकूर असा, लेखकाला ज्याची लाज वाटत नव्हती तिथं सापडतो.

मग येतो संपादकाचा हात, आणि इथं कोल्हापूरकरांनी आपल्या घरचं उदाहरण विसरू नये. राजाराम महाराज, ज्यांच्या नावानं राजाराम कॉलेज आहे, ते १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. वय विशीचं. परतीच्या वाटेवर इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, ३० नोव्हेंबर १८७० ला त्यांचं निधन झालं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला आणि तिथं आजही त्यांचं स्मारक आहे. या प्रवासात ते इंग्रजीतून डायरी लिहीत होते. ती १८७२ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाली. संपादक होते कॅप्टन एडवर्ड वेस्ट, म्हणजे कोल्हापूरच्या पोलिटिकल एजन्सीतला, महाराजांसोबत युरोपला गेलेला इंग्रज अधिकारी.

एवढ्या माहितीनंच वाचायची दिशा ठरते. विशीतला राजा, परकी भाषा, आणि सोबत त्याच साम्राज्याचा अधिकारी. पुढं तोच अधिकारी राजाच्या माघारी ती डायरी छापायला देतो. अशा डायरीत इंग्रज सत्तेबद्दल कडवट शब्द सापडले नाहीत, म्हणून महाराज समाधानी होते असा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं. आपलं लिखाण कुणाच्या नजरेखालून जाऊ शकतं, हे त्या तरुण मुलाला कळत नसेल का? म्हणून त्या डायरीत मी मोठी मतं शोधत नाही. त्यांनी कुठं जायचं ठरवलं, कशापाशी थांबले, काय बारकाईनं टिपलं, याकडं बघतो. मत लपवता येतं, कुतूहल लपवणं अवघड.

संपादक परका किंवा सत्तेचा माणूस असला की नेहमी बिघाडच होतो असं नाही. व्हाइसरॉय वेव्हेल यांची १९४३ ते १९४७ ची रोजनिशी भारतात सनदी अधिकारी राहिलेल्या पेंडरेल मून या इंग्रजानं संपादित केली आणि ती १९७३ मध्ये निघाली. वेव्हेल १९५० मध्येच वारले होते. गांधीजींबद्दलची त्यांची मतं वाचताना आपलं डोकं तापतं. माझंही तापतं. पण तेव्हा स्वतःला एक विचारायचं: हे वाक्य गांधीजींबद्दल जास्त सांगतंय की वेव्हेलबद्दल? बहुतेकदा दुसरंच. शिस्तीत वाढलेला, थोडक्यात बोलणारा सैनिक, आणि समोर असा माणूस ज्याच्या प्रत्येक शब्दाला दोन-तीन पदर. त्या दोघांचं का जमलं नाही, हे समजायला वेव्हेलची चिडचिड फार उपयोगी आहे. चिडचिडीतली वर्णनं मात्र तपासल्याशिवाय घ्यायची नाहीत. ब्रिटिश सरकारनं सत्तांतराच्या काळातली कागदपत्रं बारा खंडांत छापली आहेत. रोजनिशीतल्या एखाद्या भेटीची तारीख घेऊन त्याच तारखेची तार किंवा पत्र खंडात शोधता येतं. स्वतः मून यांनी या खंडांच्या संपादनातही काम केलं होतं.

आपल्याकडं मंत्र्यांच्या डायऱ्या इतक्या कमी आणि इतक्या उशिरा का निघतात? एक कारण कायद्यात आहे. मंत्री दोन शपथा घेतो, पदाची आणि गोपनीयतेची. दोन्हींचे मसुदे संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. मंत्री म्हणून जे समोर येईल ते, कर्तव्यासाठी लागेल तेवढं सोडून, कुणालाही सांगणार नाही, असा दुसऱ्या शपथेचा आशय. मंत्रिमंडळानं राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालयही करू शकत नाही, असं अनुच्छेद ७४(२) सांगतो. त्यात १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा. शपथ किती वर्षं बांधते, याचं उत्तर शपथेच्या मजकुरात नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न थेट कोर्टात गेला. क्रॉसमन १९७४ मध्ये वारले आणि त्यांच्या डायरीचा पहिला खंड छापायची तयारी सुरू झाली, तेव्हा सरकारनं तो रोखायला धाव घेतली. मुख्य न्यायाधीश विजरी यांनी १९७५ मध्ये निकाल दिला. मंत्रिमंडळातली चर्चा गुप्त ठेवण्याचं बंधन कोर्ट लागू करू शकतं, हे त्यांनी मान्य केलं; पण दहा वर्षं होऊन गेलेल्या चर्चेनं आज काही नुकसान होईल असं दिसत नाही, म्हणून बंदी नाकारली. गुपिताला वय असतं, हे या निकालानं मान्य केलं. माझ्या मते हेच योग्य आहे. लोकांच्या नावानं घेतलेले निर्णय कधीतरी लोकांना कळलेच पाहिजेत, आणि मंत्र्यांना त्या त्या वेळी मोकळेपणानं भांडताही आलं पाहिजे. मधलं अंतर किती, एवढाच वाद उरतो.

आपल्याकडं मौलाना आझादांनी हे अंतर स्वतःच ठरवलं होतं. त्यांचं आत्मकथन, जे डायरी नव्हे, त्यांच्या निधनानंतर १९५९ मध्ये निघालं. त्यातली सुमारे तीस पानं त्यांच्या इच्छेनुसार तीस वर्षं मोहोरबंद राहिली आणि १९८८ मध्ये खुली झाली. म्हणून कोणतंही असं पुस्तक हातात घेताना मुखपृष्ठाआधी प्रस्तावना वाचा: काय गाळलंय, कुणी गाळलंय, मूळ प्रत कुठं आहे. रेगन यांच्या डायऱ्या आधी २००७ मध्ये संक्षिप्त निघाल्या आणि २००९ मध्ये विस्तारानं. दोन्हींवर नाव एकाच माणसाचं, पण पुस्तकं दोन. प्रस्तावनेत यातलं काहीच सांगितलेलं नसेल, तर ते पुस्तक प्रचाराचं असण्याची शक्यता मी मोठी धरतो. निवडणुकीच्या तोंडावर निघणाऱ्या कित्येक "डायऱ्या" अशाच असतात. त्यांत खाडाखोड नाही, रिकामा दिवस नाही, आणि लेखकाचा एकही अंदाज चुकलेला नाही.

प्रत्यक्ष वाचायला बसाल तेव्हा पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. एक तारीख निवडा, जी तुम्हाला दुसरीकडून माहीत आहे. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तो दिवस, १ मार्च १९४९. किंवा १९६५ च्या युद्धातली एखादी. त्या काळातल्या नेत्याच्या डायरीत ती तारीख काढा आणि शेजारी त्याच आठवड्याचं वर्तमानपत्र ठेवा. जुन्या 'पुढारी'ची, 'सत्यवादी'ची फाईल मिळाली तर उत्तमच. मग वहीचं पान उभं दुभागून एका बाजूला लिहा, नेत्याला त्या रात्री काय माहीत होतं, आणि दुसऱ्या बाजूला, त्याच वेळी लोकांना काय सांगितलं जात होतं. दोन रकाने सारखे निघाले तर तो दिवस साधा. त्यांत अंतर पडलं की थांबायचं, कारण राज्यकारभार तिथं दिसायला लागतो. अंतर म्हणजे लबाडीच असं नाही. युद्धात माघारीची बातमी दाबावी लागते. बँक अडचणीत असताना मंत्र्यानं चिंता बोलून दाखवली तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागेल. पण कधी ते अंतर निव्वळ खुर्ची वाचवण्यासाठीही असतं, आणि एकदा रकाने मांडले की कुठलं कशासाठी हे बऱ्यापैकी ओळखू येतं.

रिकाम्या तारखांकडं दुर्लक्ष करू नका. खूप घडलं त्या दिवशी लिहायला वेळच नसतो, त्यामुळे सगळ्यात मोठ्या दिवसाला दोनच ओळी आणि एखाद्या उद्घाटनाला दोन पानं, असं दिसतं. लिहिणारा गोष्टी दडवतोय अशी शंका लगेच घेऊ नये. मागची-पुढची पानं बघावीत. दोन दिवसांनी "परवा सांगायचं राहिलं" म्हणत तो त्या विषयाकडं परत येतो का, हे पाहावं. महिनोन् महिने एकाच विषयावर मौन असेल, तेव्हा मात्र शंका घ्यायला जागा आहे.

आणि पुस्तकाच्या शेवटी असलेली नावांची सूची वाचा. कुणाची नावं पानोपानी येतात, कुणाचं नाव एकदाच येतं, आणि ज्या खात्याचा कारभार तो मंत्री चालवत होता त्या खात्याच्या लोकांपैकी कितीजण त्यात आहेत, हे बघा. शेतीमंत्र्याच्या डायरीत पक्षातले सहकारी शंभर ठिकाणी आणि शेतकरी चार ठिकाणी असतील, तर त्याचा दिवस कुठं जात होता हे त्याला स्वतःला सांगावं लागत नाही.